प्रोसेसर नकार देतो तेव्हा: जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालवताना

प्रोसेसरशी संबंधित एरर आली की बहुतेक जण ठरलेल्या चार गोष्टी करतात. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून बघतात, अँटीव्हायरस बंद करतात आणि शेवटी प्रॉपर्टीजमधल्या कॉम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये जाऊन विंडोज ७ किंवा एक्सपी निवडतात. यातल्या एकाही गोष्टीने प्रोसेसर बदलत नाही. तो टॅब सॉफ्टवेअरला खालची विंडोज जुनी असल्याचं भासवतो, इतकंच. प्रोसेसरला जी सूचना (इन्स्ट्रक्शन, म्हणजे त्याला दिलेला एक मूलभूत हुकूम) मुळात कळत नाही, ती त्यामुळे कळायला लागत नाही.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी एवढंच शोधायचं, की नकार नेमका कोण देतंय. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, की इन्स्टॉलरमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेली एखादी अट? तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालवण्यात लोकांच्या संध्याकाळी जातात.

पायरी पहिली: संदेश नीट वाचा

एरर दिसते तशी लिहून घ्या किंवा तिचा फोटो काढा, कोडसकट. हे काही ठळक संदेश आणि त्यांचा अर्थ:

- 'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी': ही फाइल या जातीच्या मशीनसाठी बनलेली नाही, असं विंडोजचं म्हणणं. पण डाउनलोड अर्धवट झालेलं असलं तरी हाच संदेश येतो, तेव्हा आधी फाइल पुन्हा उतरवून बघा.
- 'अनसपोर्टेड १६-बिट ॲप्लिकेशन': सॉफ्टवेअर १६-बिट, म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातल्या घडणीचं आहे, यात शंकेला जागाच नाही.
- 'सी०००००७बी' असा शेवट असलेला कोड: ३२-बिट आणि ६४-बिट फाइलींची सरमिसळ झाली आहे.
- 'सी०००००१डी' असा शेवट, किंवा लिनक्सवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन': प्रोसेसरला न कळणारी सूचना त्याच्यापुढे आली.
- मॅकवर 'बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल', लिनक्सवर 'एक्झेक फॉरमॅट एरर': फाइल दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी आहे.

एरर कधी येते, तेही टिपून ठेवा. डबल-क्लिक केल्याबरोबर आली, तर बहुधा जात किंवा बिट जुळत नाहीत. सॉफ्टवेअर उघडलं, थोडं चाललं आणि एखादी ठराविक गोष्ट करताना धाडकन बंद पडलं, तर सूचना कमी पडत असण्याची शक्यता जास्त. त्या सूचनेपर्यंत पोचेपर्यंत प्रोसेसरला तक्रार करायचं कारणच नसतं.

पायरी दुसरी: मशीन काय आहे, सॉफ्टवेअर काय आहे

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या वाटेने गेलात की 'सिस्टीम टाइप' दिसतं. तिथे दोन गोष्टी एका ओळीत असतात: ऑपरेटिंग सिस्टीम किती बिटची आणि प्रोसेसर एक्स६४ (इंटेल-एएमडीची ६४-बिट जात) की आर्म (त्याहून वेगळी जात). दोन्ही वाचा. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज टाकलेली जुनी मशीन अजून सापडतात, आणि तिथे ६४-बिट सॉफ्टवेअर चालत नाही तो दोष प्रोसेसरचा नसतो.

मॅकवर ॲपल मेनूतलं 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप' असा शब्द आणि पुढे एम१, एम२ वगैरे दिसलं तर ते ॲपल सिलिकॉन, म्हणजे ॲपलची स्वतःची आर्म जातीची चिप. 'प्रोसेसर' आणि पुढे इंटेल दिसलं तर इंटेल. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही कमांड द्या. ती प्रोसेसरची जात तर सांगतेच, शिवाय 'फ्लॅग्ज' या ओळीत त्याला येणाऱ्या सगळ्या जादा सूचनांची यादी देते. ही यादी पुढे फार उपयोगी पडणार आहे. विंडोजवर तेच काम सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम करतो.

आता सॉफ्टवेअरची बाजू. मॅकवर ॲपच्या 'गेट इन्फो'मध्ये 'काइंड'समोर इंटेल, ॲपल सिलिकॉन किंवा युनिव्हर्सल (दोन्हींसाठी) लिहिलेलं असतं. लिनक्सवर 'फाइल' नावाची कमांड फाइलचं आर्किटेक्चर सांगते. विंडोजवर सॉफ्टवेअर चालू होत असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात 'आर्किटेक्चर'चा कॉलम जोडून घ्या. चालूच होत नसेल तर उत्पादकाच्या डाउनलोड पानावर बघा. तिथे एक्स८६ म्हणजे ३२-बिट, एक्स६४ म्हणजे ६४-बिट, आणि आर्म६४ म्हणजे वेगळी जात. चुकीची फाइल उतरवली गेली, एवढंच कारण निघण्याचं प्रमाण भरपूर आहे. तसं असेल तर योग्य फाइल घ्या आणि हा लेख इथेच सोडून द्या.

बिटांचं भांडण

६४-बिट विंडोज ३२-बिट सॉफ्टवेअर बिनबोभाट चालवते, पण १६-बिट चालवत नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही, त्यामुळे तिथे १६-बिटसाठी मागचं दारही उरलेलं नाही. गोम अशी, की १९९० च्या दशकातलं बरंच सॉफ्टवेअर स्वतः ३२-बिट असूनही त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असायचा. म्हणजे आतला माल चालण्यासारखा, पण दारच उघडत नाही. अशा वेळी जुन्या ३२-बिट मशीनवर ते इन्स्टॉल करून फोल्डर उचलून आणण्याची युक्ती साध्या प्रोग्रॅमच्या बाबतीत जमून जाते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बऱ्याच नोंदी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती जमत नाही.

खरोखरच १६-बिट असलेल्या डॉस प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स हा जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरा. विंडोज ३.१ च्या काळातल्या प्रोग्रॅमसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (आपल्याच मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं मशीन) ३२-बिट विंडोज टाकणं हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग.

मॅकवर हा दरवाजा २०१९ मध्ये बंद झाला. मॅकओएस कॅटलिना म्हणजे १०.१५ पासून ३२-बिट ॲप चालत नाहीत. मोहावे ही ती चालवणारी शेवटची आवृत्ती. मॅक इंटेलचा असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये मोहावे टाकता येते. ॲपल सिलिकॉनवर तो रस्ताही नाही, तिथे ॲपची नवी आवृत्ती किंवा पर्याय शोधावा लागतो.

लिनक्समध्ये याच दुखण्याचा संदेश मात्र भलताच फसवा आहे. ६४-बिट सिस्टीमवर ३२-बिट प्रोग्रॅम चालवला आणि ३२-बिट लायब्ररी नसतील, तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं उत्तर मिळतं. फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते! हरवलेली असते ती तो प्रोग्रॅम चालू करून देणारी ३२-बिट लोडरची फाइल. डेबियन आणि उबुंटूमध्ये 'डीपीकेजी' या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला आय३८६ (३२-बिटचं तिथलं नाव) हे आर्किटेक्चर जोडायला सांगा, पॅकेजची यादी ताजी करा आणि मग सी लायब्ररीचं आय३८६ पॅकेज टाका. बहुतेक वेळा काम होतं.

राहिला तो ७बी वाला कोड. ६४-बिट प्रोग्रॅमच्या हाती ३२-बिट डीएलएल (प्रोग्रॅमना लागणारी सामाईक कोडची फाइल) पडली, किंवा उलट झालं, की तो येतो. उपाय म्हणजे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हा अशा फाइलींचा संच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून एक्स८६ आणि एक्स६४ असं दोन्ही प्रकारचं टाकणं. ६४-बिट विंडोज आहे म्हणून फक्त एक्स६४ टाकून लोक थांबतात, आणि ३२-बिट सॉफ्टवेअर अडलेलंच राहतं. सुट्या डीएलएल फाइली वाटणाऱ्या साइटवरून फाइल आणून सिस्टीम३२ मध्ये टाकणं मात्र कटाक्षाने टाळा. एक तर त्या फाइलीत काय आहे याची खात्री नाही. दुसरं म्हणजे ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टीम३२' या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि '६४' नावात असलेल्या 'सिसवाव६४'मध्ये ३२-बिट. मायक्रोसॉफ्टने जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी नाव तसंच ठेवलं, पण नवख्या माणसाने इथे हमखास उलटी फाइल टाकावी अशीच ही रचना आहे.

जात वेगळी असेल तर

एक्स८६ आणि आर्म या दोन वेगळ्या भाषा आहेत. (इथे एक्स८६ म्हणजे नुसतं ३२-बिट नव्हे, इंटेल-एएमडीची ३२ आणि ६४-बिट मिळून सगळी जात.) एकीसाठी बनलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालवायचा तर मध्ये दुभाष्या लागतो. मॅकवर त्याचं नाव रोझेटा २. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले तेव्हापासून तो आहे. इंटेलचं ॲप पहिल्यांदा उघडलं की रोझेटा टाकायचा का, असं मॅक स्वतःच विचारतो. टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना हा प्रश्न विचारला जात नाही, त्यांना थेट 'बॅड सीपीयू टाइप' मिळतं. त्यांनी 'सॉफ्टवेअरअपडेट' या कमांडला 'इन्स्टॉल-रोझेटा' हा पर्याय देऊन तो टाकून घ्यावा.

रोझेटाच्या मर्यादा माहीत असू द्या. कर्नल एक्स्टेन्शन (सिस्टीमच्या गाभ्याला जोडले जाणारे भाग) आणि एक्स८६ व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. शिवाय ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय, की रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील आणि त्यानंतर फक्त काही जुन्या गेमपुरता उरेल. म्हणजे आज रोझेटावर चालणाऱ्या ॲपची ॲपल सिलिकॉन आवृत्ती आलीय का, हे आजच बघून ठेवलेलं बरं.

प्लग-इनच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. संगीत किंवा फोटोचं मुख्य ॲप युनिव्हर्सल असतं, ते ॲपल सिलिकॉन म्हणून उघडतं, आणि इंटेलचं जुनं प्लग-इन यादीतच दिसत नाही. एरर अशी येतच नाही. मुख्य ॲपच्या 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन युझिंग रोझेटा'वर खूण करून ते पुन्हा उघडा. ॲप आणि प्लग-इन एकाच जातीचे झाले की बरेचदा ते दिसायला लागतं.

आर्मवरच्या विंडोज ११ मध्ये ३२-बिट आणि ६४-बिट अशी दोन्ही एक्स८६ सॉफ्टवेअर एम्युलेशनने, म्हणजे अशाच दुभाष्याच्या मदतीने, चालतात. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यासाठी प्रिझम नावाचं नवं एम्युलेटर आहे. सुरुवातीला मी कॉम्पॅटिबिलिटी टॅबला नावं ठेवली, त्याला हा एक अपवाद: आर्म मशीनवर याच टॅबमध्ये एम्युलेशनच्या सेटिंग्ज असतात आणि सॉफ्टवेअर अडखळत असेल तर त्या बदलून बघण्यासारख्या आहेत. ड्रायव्हरला मात्र एम्युलेशन नाही. जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा एक्स६४ ड्रायव्हर आर्म विंडोजवर कोणत्याही युक्तीने बसणार नाही. तिथे आर्म६४ ड्रायव्हरच हवा.

डॉकर (सॉफ्टवेअर तयार 'इमेज'मधून चालवण्याचं साधन) वापरणाऱ्यांना 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसली, तर इमेज एएमडी६४ (एक्स६४ चंच दुसरं नाव) ची आणि मशीन आर्म६४ चं, किंवा उलट, असा प्रकार असतो. इमेज ओढताना 'प्लॅटफॉर्म' स्पष्ट सांगा, आणि शक्य असेल तर दोन्ही जातींसाठी बनलेली इमेज घ्या.

सूचना कमी पडतात तेव्हा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण जात बरोबर असते, बिटही बरोबर असतात, आणि तरीही सॉफ्टवेअर कोसळतं.

प्रत्येक काही वर्षांनी प्रोसेसरला नव्या सूचना शिकवल्या जातात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ २००८ मध्ये आलं, एव्हीएक्स २०११ मध्ये, एव्हीएक्स२ २०१३ मध्ये. सॉफ्टवेअर बनवणारे काही काळ जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी वाट ठेवतात आणि एके दिवशी ती बंद करतात. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या तयार पॅकेजना २०१८ च्या १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स लागायला लागलं. एक्स८६ वर मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० पासून एव्हीएक्स लागतं. क्रोमने २०२१ मध्ये एसएसई३ नसलेले प्रोसेसर सोडून दिले. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना नसल्या तर सुरूच होत नाही.

इथे प्रोसेसरच्या वयावरून अंदाज बांधू नका. एव्हीएक्स आल्यानंतरही कित्येक वर्षं पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकल्या जाणाऱ्या चिपमध्ये ते नव्हतं. त्यामुळे २०११ नंतरचं मशीन म्हणजे एव्हीएक्स असणारच, हे गृहीत चुकीचं ठरतं. फ्लॅग्जची यादी बघा आणि सॉफ्टवेअरला काय हवंय त्याच्याशी ताडून पाहा.

लिनक्सच्या जगात आता या सूचनांचे गट केले आहेत: एक्स८६-६४ चे व्ही१ ते व्ही४ असे चार स्तर. व्ही२ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट येतात, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला व्ही२ लागतं आणि १० ला व्ही३. प्रोसेसर त्या स्तराचा नसेल, तर 'फेटल जीलिबसी एरर' असं म्हणून सिस्टीम थेट सांगते. आल्मालिनक्सने १० व्या आवृत्तीसाठी व्ही२ ची वेगळी प्रत काढली आहे, जुन्या सर्व्हरवाल्यांना ती उपयोगी आहे.

आता उपाय. व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर आधी तिथेच बघा, कारण प्रत्यक्ष प्रोसेसरला एव्हीएक्स येत असूनही व्हर्च्युअल मशीनला ते दाखवलेलं नसतं. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूचा प्रकार 'केव्हीएम६४' किंवा 'क्यूईएमयू६४' असा ठेवला की आतल्या सिस्टीमला अगदी जुजबी प्रोसेसर दिसतो. तो बदलून 'होस्ट' करा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, आणि फ्लॅग्ज पुन्हा बघा. एकच सेटिंग, पण ते न सापडल्याने हार्डवेअर बदलायची भाषा सुरू होते.

प्रत्यक्ष प्रोसेसरच जुना असेल तर तीन वाटा. त्या सूचना न मागणारी शेवटची आवृत्ती वापरणं ही पहिली. पण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात का ते पाहून. दुसरी, 'नो एव्हीएक्स' अशा नावाची वेगळी प्रत कुणी बनवलीय का ते शोधणं. तिसरी, सोर्स कोड उपलब्ध असेल तर त्यातून आपल्याच मशीनसाठी प्रोग्रॅम बनवणं, म्हणजे कंपाइल करणं. वेळ लागतो, पण खात्रीचं. इंटेलचं एसडीई नावाचं एक एम्युलेटर नसलेल्या सूचना सॉफ्टवेअरने चालवून दाखवतं. ते चाचणीसाठी ठीक आहे. रोजच्या कामाला इतकं हळू चालतं, की मी तरी सुचवणार नाही.

प्रोसेसर जास्त नवा असेल तर

याचा विचार कुणी करत नाही, पण उलटंही घडतं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले डॉसचे अनेक प्रोग्रॅम सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडतात. ते सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात, आणि वेग इतका जास्त निघतो की भागाकाराचं उत्तर ठरवलेल्या जागेत मावत नाही. डॉसबॉक्समध्ये सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) कमी ठेवा, ही एरर जाते. सायकल्स कमाल ठेवल्या तर तिथेही येऊ शकते.

अलीकडचं उदाहरण ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं. १.०.२ मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एक दोष होता, जो एसएचए एक्स्टेन्शन (एन्क्रिप्शनच्या कामाच्या जादा सूचना) असलेल्या प्रोसेसरवरच उघडा पडायचा. तसे प्रोसेसर लोकांच्या हाती आले, आणि तोवर सुरळीत चालणारे काही गेम इंटेलच्या १०व्या पिढीपासून पुढे सुरू होतानाच कोसळायला लागले. 'ओपनएसएसएल_आयए३२कॅप' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने त्या सूचना लपवणं हा इंटेलनेच सुचवलेला उपाय. तिथे द्यायची किंमत इंटेलच्या मदत पानावरून जशीच्या तशी घ्या.

२०२१ मध्ये इंटेलची १२वी पिढी आली आणि एकाच चिपवर मोठे व छोटे असे दोन प्रकारचे कोर आले. काही गेममधल्या कॉपी-संरक्षणाला छोटे कोर म्हणजे दुसरंच मशीन वाटलं आणि त्यांनी दार लावून घेतलं. बऱ्याच गेमना नंतर दुरुस्त्या मिळाल्या. न मिळालेल्यांसाठी काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'लेगसी गेम कॉम्पॅटिबिलिटी मोड' असतो. तो चालू केला की स्क्रोल लॉक दाबून छोटे कोर बाजूला ठेवता येतात. जास्त कोर पाहून बिथरणाऱ्या इतर जुन्या सॉफ्टवेअरसाठी टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधलं 'सेट ॲफिनिटी' वापरा. ते सॉफ्टवेअर बंद केलं की विसरलं जातं, म्हणून कायमची सोय हवी तर 'स्टार्ट' कमांडला ॲफिनिटीचा पर्याय लावून शॉर्टकट बनवा.

नुसती अट असेल तर

विंडोज ११ टाकताना 'प्रोसेसर सपोर्टेड नाही' असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर असमर्थ नसतो, तो यादीत नसतो. ढोबळमानाने इंटेलची ८वी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका इथून यादी सुरू होते. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ही अट वेगळी आहे आणि ती बायोसमध्ये नुसती बंद ठेवलेली असू शकते, म्हणून मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून नेमकं काय अडलंय ते आधी बघा.

रजिस्ट्रीत बदल करून यादीची अट ओलांडता येते. पॉपकाउंटची ओलांडता येत नाही, कारण ती यादी नव्हे, प्रत्यक्ष सूचना आहे. यादीत नसलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मोह होणं साहजिक आहे. तरी हा प्रयोग दुय्यम मशीनवर करा, हिशेबाच्या किंवा एकुलत्या एका मशीनवर नको.

एवढं करूनही अडलं, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहा. संदेशाचा अचूक मजकूर, प्रोसेसरचं पूर्ण नाव, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती व बिट, आणि एरर कुठल्या क्षणी येते, हे पहिल्याच पत्रात द्या. व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर तेही. उत्तर येईपर्यंत काम अडत असेल, तर जुनी सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलेलं असेल तर तिचं नेटवर्क बंद ठेवा आणि फाइलींची देवाणघेवाण एका शेअर केलेल्या फोल्डरातूनच करा.